साडूंची फोनची शिकवणी

पेणपासून रोह्यापर्यंत आज जो दुकानदार फोनवर आधी स्वतःचं नाव सांगतो, मग गावाचं, मग कामाचं, आणि समोरच्याला "आत्ता बोलायला वेळ आहे ना?" असं विचारतो, तो माझ्या साडूंच्या हाताखालून गेलेला आहे असं खुशाल समजावं. त्यांच्या आधी आमच्याकडे धंद्याचा फोन म्हणजे नुसता कल्ला असायचा. 'कोण?', 'कोण पायजे?', 'तुम्ही कोण?' यातच निम्मं बोलणं संपायचं, आणि उरलेल्या निम्म्यात तब्येत, पाऊसपाणी आणि हायवेचं रखडलेलं काम. माल राहूनच जायचा. मग तासाभराने त्याच माणसाला पुन्हा फोन, की मघाशी एक सांगायचं राहिलं. त्या दुसऱ्या फोनमध्येही ते राहायचं. हा सगळा गोंधळ एका माणसाने, कोणी सांगितलेलं नसताना, एका पैशाची अपेक्षा न ठेवता निस्तरला. आणि आता तो माणूस कोणाच्या दुकानात पाऊल टाकत नाही. मला अजून बुधवार आला की दुकानातली एक खुर्ची पुसून ठेवावीशी वाटते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना दादा म्हणतो आणि मेव्हणीला ताई. दोघं राहायला रोह्याला. दादांची सगळी नोकरी तिथल्याच एका केमिकल कंपनीत, टाइम ऑफिसमध्ये झाली. कोण कधी आला, कोण लवकर पळाला, कोणाची कुठली शिफ्ट, कोणी कोणाशी बदलून घेतली, हे सगळं सांभाळण्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या वेळेची राखण करण्यात त्यांचं तारुण्य गेलं. कंपनीने मुदतीआधीच निवृत्ती देऊ केली तेव्हा दुसरा कोणी असता तर घराला रंग काढून गप्प बसला असता. दादा निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडले आणि बाजारपेठेतल्या एका ओळखीच्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊन बसले. तो मालक खिळ्यांच्या ऑर्डरसाठी कोणाशी तरी फोनवर बोलत होता. दादांनी ते सगळं बोलणं मान खाली घालून ऐकलं आणि फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुमच्या या बोलण्यातून खिळे काढून टाकले तर काय उरतं सांगू? सगळंच उरतं." मालक आधी रागावला, मग हसला, मग त्याने चहा मागवला. शिकवणी सुरू झाली ती अशी.

त्यांच्या खांद्याला एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात जुन्या लँडलाइन फोनचे दोन रिसीव्हर. वायरी कापलेल्या. एक दुकानदाराने कानाला लावायचा, एक दादा लावणार, आणि समोरासमोर बसून दोघांनी बोलायचं. "मोबाइलवर सराव होत नाही," असं त्यांचं मत होतं, "मोबाइल हातात आला की माणूस दुसरंच काहीतरी बघायला लागतो." दादा गिऱ्हाईक व्हायचे, आणि नुसते गिऱ्हाईक नाही, अमुकच एक गिऱ्हाईक. "आता मी महाडचा किराणावाला आहे आणि सकाळपासून चिडलेलो आहे," असं आधी जाहीर करायचे आणि मग खरोखर चिडायचे. कधी ते 'घरात विचारून सांगतो'वाले व्हायचे, कधी सगळं ऐकून घेऊन शेवटी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे. वडखळकडच्या एक पापडवाल्या मावशी त्यांच्याकडे शिकायच्या. त्यांच्यापुढे दादा एकदा ठाण्याचे दुकानदार होऊन बसले आणि पापडाला इतकी नावं ठेवू लागले, हा जाड, तो तुटका, याला मिरी कमी, की मावशींनी रिसीव्हर पिशवीत कोंबला आणि म्हणाल्या, "घ्यायचे नाय तर नका घेऊ. माझे पापड आसेच हायेत." दादा खूश झाले. म्हणाले, "हे आवाज न चढवता म्हणा, मग बघा." मावशींनी पुढे खऱ्याच दुकानदाराला तेच वाक्य हळू आवाजात ऐकवलं आणि त्याने माल घेतला. ही गोष्ट मावशी अजून सांगतात, आणि सांगताना आवाज चढवतात.

वेळेच्या बाबतीत त्यांची काही ठाम मतं होती. जो फोन करायला जीव घाबरतो तो सकाळी सगळ्यात आधी करून टाकायचा. फोन उभं राहून करायचा, बसलं की शब्द वाढतात. आपण बोलावं थोडं, विचारावं जास्त, आणि समोरचा बोलायला लागला की तोंडात गोळी धरल्यासारखं गप्प राहावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाताचं काम आणि तोंडाचं काम एका वेळी करू नये. हे शेवटचं त्यांनी पेणजवळच्या जोह्याच्या एका मूर्तिकाराला शिकवलं तेव्हा मी तिथे होतो. माझा धंदा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. गणपती लांबच्या गावांना जातात ते माझ्या खोक्यांतून, त्यामुळे जोह्याला माझं सारखं जाणं-येणं. त्या मूर्तिकाराचा फोन दिवसभर वाजायचा आणि तो रंगाच्या हाताने उचलून "नंतर करतो" म्हणायचा. नंतर कधी व्हायचंच नाही. गिऱ्हाइकं नाराज, आणि मध्येच उठल्यामुळे मूर्तींचे डोळेही रखडलेले. दादांनी सांगितलं, सकाळी उजेड चांगला असतो तेव्हा डोळ्यांची आखणी करायची आणि फोन घरात ठेवून यायचा. जेवण झालं की हात धुऊन एकेकाला आपणहून फोन लावायचे.

"दादा, तवर गिराईक दुसरीकडं जाईल ना," मूर्तिकार म्हणाला.

"जाऊ दे. डोळा तिरका गेला तर देव दुसरीकडे बघतो, त्याचं काय करशील?"

त्या मोसमात त्याचा माल वेळेआधी तयार झाला आणि माझी खोकी कमी पडली. अशी उदाहरणं मी कितीतरी देऊ शकेन. माझंच घ्या. खोक्यांचं माप फोनवर चुकीचं ऐकून चुकीचीच खोकी करून ठेवण्यात मी पटाईत होतो. दादांनी मला फोनच्या शेवटी सगळं परत एकदा म्हणून दाखवायची सवय लावली. बुधवारी सकाळच्या गाडीने ते पेणला यायचे, खुर्ची ओढून बसायचे, आणि मी बोलताना भरकटलो की वाहतूक पोलिसासारखा डावा हात वर करायचे. तो हात मला अजून दिसतो.

पण हा हात घरीही वर व्हायचा, आणि तिथे त्याची मजा वाटायची असं नाही. माझी बायको बहिणीची खुशाली विचारायला फोन करायची आणि दादांनी उचलला तर पलीकडून शब्द यायचा, "विषय?" ती म्हणायची, "विषय काय असायचाय, ताई कशी आहे ते विचारायला केला." दादा म्हणायचे, "बरी आहे. पुढचा विषय?" बायको मला फोन देऊन टाकायची. कोणाकडे दुःखाला भेटायला गेले तरी ठरल्या वेळी उठायचे. लग्नाला अक्षता पडल्या की निघालेच. लोक हसायचे, मीही हसायचो. दादांचा जीव वाईट नव्हता, उलट फार चांगला होता. त्यांना मनापासून वाटायचं की आपण प्रत्येकाचा थोडा थोडा वेळ वाचवून त्याच्या पदरात टाकतो आहोत. त्या वाचलेल्या वेळेचं त्याने काय करावं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

ताईंचा स्वभाव अगदी उलटा. त्यांची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी घरबसल्या कडवे वाल विकायला सुरुवात केली. आतल्या गावांतले शेतकरी भातानंतर वाल करतात, त्यांच्याकडून पोती घ्यायची, निवडून, पाखडून पिशव्या भरायच्या आणि ठाणे, पुणे, नाशिककडच्या ओळखीच्या बायकांना पाठवायच्या. एकीने दुसरीला सांगितलं, असं करत बायकांचा मोठा गोतावळा जमला. दुपारी जेवणं आटोपली की ताई फोन घेऊन मागच्या पडवीत बसायच्या आणि तिथून त्यांचं हसणं शेजारच्या तीन घरांना ऐकू जायचं. कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोणाचा मुलगा परीक्षेत अडकलाय, कोणाच्या सासूने रुसून जेवण सोडलंय. या सगळ्यात कुठेतरी "हो, आणि दोन किलो पाठवते" हे वाक्य येऊन जायचं. त्याला ऑर्डर म्हणायचं.

पेण-रोह्यातले चेले दादांना चिडवायचे, की आमचा फोन सुधारलात, घरचा कधी सुधारणार? दादांनी ते मनावर घेतलं. एका हंगामाच्या सुरुवातीला ते पडवीत ताईंच्या समोर बसू लागले. ताई आधी हसल्या, पण नवरा इतक्या उत्साहाने शिकवतोय तर नाही कसं म्हणायचं म्हणून शिकल्या, आणि आठवड्याभरात दादांच्या सगळ्या चेल्यांत हुशार निघाल्या. नाव, काम, किती पाठवू, कुठे पाठवू, ठेवते. दुपारच्या चहाच्या आत फोन संपायला लागले. तेवढ्याच वेळात दुप्पट बायकांना फोन होऊ लागले, आणि शिमग्याच्या आत वालांचा दाणा शिल्लक राहिला नाही. दादा बुधवारी माझ्याकडे आले तेव्हा त्यांना काय सांगू अन् काय नको असं झालं होतं. "भाऊ, घरात एवढी गुणी विद्यार्थिनी होती आणि मी गावभर हिंडत होतो," असं म्हणाले.

पुढच्या हंगामात शेतकरी वालाची पोती घेऊन दाराशी आले तर ताईंनी ती उतरवूनच घेतली नाहीत. म्हणाल्या, "यंदा नाय करत." दादांना वाटलं तब्येत बरी नसेल. डॉक्टरकडे नेलं, काही निघालं नाही. फोन फळीवर चार्जिंगला लावलेला असायचा आणि तिथेच असायचा. दादा माझ्याकडे येऊन नुसते बसायचे, मी भरकटलो तरी हात वर करायचे नाहीत. "सगळं बरोबर चाललं होतं रे," म्हणायचे, "बरोबर चाललेलं थांबतं कसं?"

त्या वर्षी गौरी-गणपतीला दोघं आमच्याकडे पेणला आली होती. जेवताना दादांनी विषय काढला. माझ्या बायकोकडे बघून म्हणाले, "तूच सांग गो तुझ्या बहिणीला. एवढा बसलेला धंदा असा कोणी सोडतं का?"

ताईंनी भातावर वरण घेतलं, कालवलं, आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही कंपनीत होतात तेव्हा घरी आलात की झोपायचात, उठलात की शिफ्ट. मी कधी तक्रार केली? नाय केली. पोरगी होती, तिच्याशी बोलायचे. ती गेली, मग मी वाल काढले. वालांचं काय हो, वाल कोणीही विकतं. मला त्या बायका मिळाल्या होत्या."

"मग मी कुठे म्हटलं बायका सोड?"

"नाय म्हटलंत. विषयाला धरून बोल म्हटलंत. विषय वाल होता. वालांवर किती बोलणार?"

माझ्या बायकोने उगाच सगळ्यांना पापड वाढले. दादांचा हात ताटातच होता. ताईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि जरा समजुतीने म्हणाल्या, "तुमचं चुकलं असं नाय म्हणत मी. तुम्ही शिकवलंत ते बरोबरच होतं. मला ते करवत नाय, एवढंच."

त्यानंतर दादांनी जे केलं ते फक्त मला माहीत आहे, कारण ते त्यांनी माझ्या दुकानात बसून केलं. ताईंच्या फोनमधले बायकांचे नंबर त्यांनी कुठून तरी उतरवून आणले होते. सवयीने उभे राहिले, घसा साफ केला आणि पहिला फोन स्पीकरवर लावला.

"नमस्कार. मी रोह्याहून बोलतोय, त्या वालवाल्या ताईंचे मिस्टर. आत्ता बोलायला वेळ आहे ना?"

पलीकडच्या बाईंनी विचारलं, वाल आले का.

"नाही, वाल नाहीत यंदा. ती आहे. तिला जमलं तर एक फोन करा, एवढं सांगायला केला."

बाई घाबरल्या. काय झालं, बरं नाही का?

"बरी आहे. बोलत नाही," दादा म्हणाले.

असे बरेच फोन झाले. एक बाई मुलाकडे परदेशी निघाल्या होत्या. एकीला आता दुसरीकडून वाल घरपोच मिळत होते, ती सभ्यपणे बोलली आणि थांबली. एक म्हणाली, "मागच्या वर्षी त्या एकदम घाईघाईने फोन ठेवायला लागल्या. मला वाटलं माझंच काही बोलणं लागलं असेल, म्हणून मी आपली गप्प राहिले." हे ऐकून दादा खुर्चीवर बसले. नाशिकच्या एक निवृत्त शिक्षिका मात्र बोलक्या निघाल्या. त्यांनी दादांचीच चौकशी सुरू केली. "तुमच्याबद्दल सगळं ठाऊक आहे हो आम्हाला. तुम्ही रात्रपाळी संपवून पहाटे आलात की दार वाजवायचा नाहीत ना? तिची झोप मोडेल म्हणून उजाडेपर्यंत पायरीवर बसून राहायचात. ती आतून बघायची आणि मुद्दाम जरा उशिरा उठल्यासारखं करायची. तुम्ही केलेलं वाया जाऊ नये म्हणून."

दादांनी फोन ठेवला. मग मला म्हणाले, "तिला ठाऊक होतं." एवढंच. आणि थोड्या वेळाने, "इतक्या वर्षांत मला नाही सांगितलं तिने. नाशिकला सांगितलं." मी चहा मागवला. तो त्यांनी तसाच ठेवला.

काही बायकांनी खरंच ताईंना फोन केले. ताईंनी ते घेतलेही. पण बोलणं "कशा आहात", "बरी आहे" याच्या पुढे फारसं सरकलं नाही. सुनेला दिवस गेले होते ते आता बाळ चालायला लागलं होतं, रुसलेली सासू वारली होती, आणि मधलं सगळं ताईंना माहीत नव्हतं. ते भरून काढायला दोन्हीकडून रोज थोडं थोडं बोलावं लागतं, आणि रोज बोलायला काहीतरी निमित्त लागतं. निमित्त वालाचं होतं. फोन आले तसे थांबले. दादांनीही शिकवणी थांबवली. बाजारात कोणी विचारलं तर म्हणायचे, तब्येत. जोह्याचा मूर्तिकार मला दर फेरीला विचारतो, दादा कुठं हायेत, दोन पोरांना शिकवायचंय. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. माझे स्वतःचे फोन हल्ली चटकन आटपतात, खोक्यांची मापं चुकत नाहीत, आणि दुपारी दुकानात मला करण्यासारखं काही नसतं.

मागच्या महिन्यात खोक्यांची एक खेप घेऊन रोह्याला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. दोघं मागच्या पडवीत बिरडं सोलत बसली होती. घरच्यापुरतंच होतं. भिजून मोड आलेला वाल ताईंच्या बोटांत सालीतून सुटकन बाहेर यायचा आणि दादांच्या बोटांत चुरडायचा. मला बसायला सांगून दादांनी आपलं बोलणं पुढे चालू केलं. ते ताईंना बाजारातलं काहीतरी सांगत होते, आणि इतकं वाईट सांगत होते की मला ऐकवेना.

"तो छत्र्या दुरुस्त करणारा बसतो ना पुलाकडे, तो आज नव्हता."

ताई सोलत राहिल्या.

"म्हणजे जागेवर नव्हता. दुसराच कोणीतरी बसला होता."

आता पुढे काय, म्हणून मी दादांकडे बघितलं. पुढे काहीच नव्हतं. त्यांनी सांगायचं म्हणून जमवून आणलेलं तेवढंच होतं. ते कपाळाला आठ्या घालून आणखी काही आठवतंय का ते शोधत होते. पोलीस पाटलासमोर साक्ष द्यायला बसल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"दुसरा नाय तो," ताई मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ त्याचा. हा आजारी पडला की माणगावहून येतो."

"तुला कसं ठाऊक?"

"त्याच्या बायकोनं सांगितलं मागे."

परातीत दाणे पडायचा आवाज तेवढा येत होता. चहा होईल म्हणून ताई उठायला लागल्या, पण मला गाडी गाठायची होती, म्हणून मी नको म्हटलं. दादा दारापर्यंत यायला निघाले, त्यांनाही मी बसवलं. अंगणात चपला घालत होतो तेव्हा मागून ताईंचा आवाज आला, "तिचं माहेर नागोठण्याचं."

"बरं," दादा म्हणाले. आणि जरा वेळाने, चाचपत, "मग?"

मी फाटक आवाज न करता ओढून घेतलं.